पिकिंग शिकायला स्वस्त कुलूप कुठलं?

रत्नांग्रीकर: लॉकपिकिंग, म्हणजे चावीशिवाय हत्यारांनी कुलूप उघडणं, शिकायचंय, शंभर-दीडशेत कुठलं कुलूप घेऊ?

मालवणी: आधी चावी बघ रे, एका कडेला करवतीसारखे दात असले तर पिनवालं, म्हणजे आत स्प्रिंगवर बसलेल्या छोट्या पिना असतात ते, चार पिनांचं बास. गोदरेजचं नवताल लिव्हरचं असतं, आत पिनांऐवजी सरकत्या पट्ट्या, त्याला हत्यारं वेगळी लागतात, सुरुवातीला नकोच. आणि पिटुकलं पण नको, चावीच्या भोकात पिक (पिना उचलायची बारीक सळई) आणि टेन्शनची पट्टी (कुलपाला वळवायचा दाब देणारी) दोन्ही मावत नाहीत, 40 मिमीचं घे.

देवगडवाला: पितळीच घे! लोखंडी कुलूप आपल्या खाऱ्या हवेत गंजतं, पिना अडकतात, मग चूक आपली की गंजाची तेच कळत नाही. आणि दाराला लावलेल्या कुलपावर सराव नको हां, पिना झिजून बिघडलं तर बाहेरच बसशील.

रत्नांग्रीकर: कळलं, पितळी 40 चं आणतो. तेल घालू का?

मालवणी: नको, धूळ चिकटते. पेन्सिलीच्या शिशाची पूड घाल.