सावरीखालचे लाल किडे: फवारणी करावी की नाही?

पोखरणकर: ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी आमची सोसायटी. आवारात जुनी काटेसावर आहे. बोंडं फुटून कापूस उडायला लागला की खाली लाल किड्यांचा नुसता सडा पडतो. गाडी काढली की चिरडतात, पोरं किंचाळतात. कमिटीने फवारणीवाला बोलावलाय. माझं मत, मारू द्या. कुणाला पटत नसेल तर कारण सांगा.

रानवाटा: नाही पटत. हे तांबडे ढेकूण, डिस्डर्कस. माणसाचं रक्त पीत नाहीत, पानंही खात नाहीत. सोंड खुपसून बियांतला रस ओढतात. सावर, भेंडी, कापूस, जास्वंद सगळी एकाच कुळातली, म्हणून यांचा मुक्काम तिथेच. एकदा वाकून बघा तरी! डोक्यामागे पांढरी पट्टी, दोन्ही लाल पंखांवर एकेक काळा ठिपका, पोटावर लाल-पांढरे पट्टे. पिल्लांना पंख नसतात. जोडी मागून जुळलेली असते, मोठी मादी पुढे चालते आणि नर बिचारा उलट्या पावली फरफटत जातो. तासन्‌तास!

कुंडीवाली: कौतुक पुरे. माझ्या कुंडीतल्या भेंडीवर हेच बसतात, बी पोचट होतं. माझं माहेर यवतमाळचं. कापसाच्या बोंडात यांची सोंड गेली की मागोमाग बुरशी शिरते, रुईवर डाग पडतात आणि व्यापारी भाव पाडतो. म्हणे खात नाहीत!

रानवाटा: ताई, ठाण्यात कापूस कोण पिकवतंय? भेंडीचं मान्य. सकाळी साबणाच्या पाण्यात झटकून टाका, बुडतात. पण पार्किंगभर औषध कशाला? अंडी ओल्या मातीत, पाचोळ्याखाली असतात. वरवरच्या फवाऱ्यातून ती वाचली की पुन्हा तेच. शिवाय अँटिलोकस नावाचा, असाच लालभडक ढेकूण यांनाच धरून खातो. फवारणीवाला काय दोघांना ओळखून मारणार आहे?

तळमजला: बी नाही तर किडा नाही. पडलेली बोंडं रोज खराट्याने गोळा करा. सफाईवाल्याला जास्तीचे पैसे कोण देणार, तेवढं ठरवा.

कुंडीवाली: वर्गणी मी देईन. पण भेंडीवर दिसला तर सोडणार नाही.

पोखरणकर: बी कापसाबरोबर उडून पार गेटापर्यंत जातं, खराटा कुठे कुठे मारणार? आणि मीटिंगला कुणी फिरकत नाही, अक्कल इथे पाजळतात. फवारणी रविवारी आहे. हरकत असेल तर सेक्रेटरीला लेखी द्या.