कूलंट गळतंय आणि कोणी मानत नाही? मराठवाड्यातल्या गाडीवाल्यांनो, अनुभव लिहा

गाडी वॉरंटीत आहे, तरी कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी टाकीवरच्या 'मिन' खुणेच्या सारखी खाली जाते. सर्व्हिस सेंटरवाले भरून देतात आणि सांगतात, "उन्हाळ्यात एवढं उडतंच." बंद सिस्टिममधलं कूलंट असं उडून जात नाही, ते कुठून तरी बाहेर पडतंय. तुमच्याकडे गळती कुठे सापडली, कोणी मान्य केली, सविस्तर लिहा.
– छत्रपती संभाजीनगर

आमच्या गाडीत गळती वॉटर पंपातून निघाली. गरम इंजिनवर कूलंट जागीच वाळतं, म्हणून फरशीवर डाग पडत नाही. पंपाखाली गुलाबी पापडी धरली होती. इंजिन थंड असताना प्रेशर टेस्ट (सिस्टिममध्ये दाब भरून गळती शोधणं) करायला लावा आणि समोर उभं राहा.
– नांदेड

मांजरसुंब्याचा घाट, एप्रिलची दुपार, गाडीत म्हातारी आई आणि लेकरं. तापमानाचा काटा लालमध्ये गेला. गाडी बाजूला घेतली, तासभर झाकणाला हात लावला नाही (गरम इंजिनचं झाकण उघडलं की उकळतं कूलंट तोंडावर उडतं, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा). धाब्यावरून बोअरचं पाणी आणून भरलं आणि कसंबसं बीड गाठलं. पुढे शोरूमनं काय करावं? "तुम्ही साधं पाणी टाकलं, वॉरंटी बसत नाही." अहो, गळती आधीची, महिनोन्‌महिने सांगत होतो! पण जॉब कार्डवर (सर्व्हिसच्या कामाच्या कागदावर) दरवेळी नुसतं 'कूलंट टॉप-अप' लिहिलेलं. गळती हा शब्दच कुठं नाही. त्या कागदानंच मला मारलं. तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका.
– बीड

गॅरेज चालवतो. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतात. अडचणीत टाकावं लागलं तर लागलं, पण नंतर सिस्टिम धुऊन डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरा. आणि कूलंट कमी होतंय, सोबत सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, डिपस्टिकवर दुधाळ ऑईल दिसलं, तर हेड गॅस्केटचा (इंजिनच्या हेडखालच्या सीलचा) संशय घ्या. गाडी चालवत आणू नका, टो करून आणा.
– लातूर

बीडच्या दादांनी जिल्हा ग्राहक आयोगात जावं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार शोरूम पुण्यात असलं तरी तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची. दोष पाहण्यासाठी आयोग गाडी तज्ज्ञांकडून तपासून घेऊ शकतो. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवा, फुकट आहे.
– परभणी

खाली काहीच गळत नसेल तर डाव्या सीटपुढचं मॅट उचलून बघा. आमचं ओलं, चिकट निघालं, एसी लावला की गोडसर वास यायचा. हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, त्यातूनही कूलंट फिरतं) फुटला होता.
– हिंगोली