मदत हवी आहे: मॉक ड्राफ्ट लॉटरीत युटा थेट आठव्या क्रमांकावर, शीटमध्ये चूक कुठे?

बँकशॉट:
२०२५ ची एनबीए ड्राफ्ट लॉटरी (अमेरिकन बास्केटबॉल लीगमध्ये नवे खेळाडू कोणता संघ आधी निवडणार ते ठरवणारी सोडत) शीटवर चालवतोय. प्रत्येक संघाला पहिलं पिक, म्हणजे निवडीचा पहिला क्रमांक, मिळण्याची त्याची टक्केवारी दिली आहे (युटा १४, डॅलस २ वगैरे) आणि पहिल्यापासून चौदाव्या पिकपर्यंत एकेक संघ रँडमने उचलतो. पहिल्या पिकचे आकडे जुळतात, पण युटा कधी आठवी, कधी दहावी लागते. प्रत्यक्षात ती पाचवी होती. फॉर्म्युला कुठे चुकतोय? ग्रुपमध्ये खरे बॉल वापरून सोडत काढायची असेल तर काय लागेल? शिवाय पुरस्कारांचं मॉक मतदानही घेणार आहोत. डिफेन्सिव्ह प्लेयरच्या (सर्वोत्तम बचावपटू) यादीत सॅन अँटोनियोच्या वेंबान्यामाला घ्यायचं का?

झोनडिफेन्स:
फॉर्म्युला ठीक आहे, तो जास्त वेळा चालवताय. सोडत फक्त पहिल्या चार पिकची होते. पाचव्यापासून उरलेले संघ सर्वात वाईट रेकॉर्डपासून ओळीने लावायचे. म्हणून सर्वात वाईट रेकॉर्डचा संघ पाचव्याच्या खाली जाऊच शकत नाही, दुसऱ्या क्रमांकाचा वाईट संघ सहाव्याच्या खाली नाही. २०२५ मध्ये डॅलस, सॅन अँटोनियो, फिलाडेल्फिया आणि शार्लट वर गेले. मग १७-६५ ची (१७ विजय, ६५ पराभव) युटा पाचवी, १८-६४ ची वॉशिंग्टन सहावी.

दुसरी चूक डॅलसच्या आकड्यात आहे. डॅलस आणि शिकागो दोघेही ३९-४३ वर होते. अशा वेळी त्या दोन जागांची कॉम्बिनेशन (सोडतीच्या बॉलवरच्या आकड्यांचे संच, संघांमध्ये एकूण १००० वाटलेले) एकत्र करून वाटतात: २० + १५ = ३५, त्यातली १८ डॅलसला, १७ शिकागोला. म्हणजे १.८ आणि १.७ टक्के. फिनिक्स-पोर्टलंडचंही तसंच, ३८ आणि ३७. (फिनिक्सचं पिक ह्यूस्टनकडे होतं, नावं भरताना लक्षात ठेवा.)

शीट बरोबर झाली का ते तपासायला युटाची ओळ बघा. भरपूर वेळा चालवल्यावर पहिल्या ते चौथ्या पिकला १४, १३.४, १२.७, १२ आणि पाचव्याला ४७.९ टक्क्यांच्या आसपास यायला हवं.

नो_लुक_पास:
बॉलचं सांगतो. टेबल टेनिसचे १४ बॉल, १ ते १४ आकडे. ६ आणि ९ खाली रेघ मारा, नाहीतर हमखास वाद होतो. शाई पूर्ण वाळू द्या. ओल्या शाईचा बॉल हाताला कळतो. आतलं दिसणार नाही अशी पिशवी घ्या.

एका पिकसाठी चार बॉल काढायचे, काढलेला बॉल त्या फेरीत परत टाकायचा नाही. क्रम महत्त्वाचा नाही, ३-७-१-१२ आणि १-३-७-१२ एकच. त्यामुळे एकूण १००१ कॉम्बिनेशन होतात. यादी चढत्या क्रमाने लिहा: पहिली १४० युटाला, पुढची १४० वॉशिंग्टनला, असं खालपर्यंत. शेवटचं ११-१२-१३-१४ कोणाचंच नाही, ते आलं तर पुन्हा काढा. आधीच पिक मिळालेल्या संघाचं आलं तरी पुन्हा. पुढच्या पिकआधी चौदाही बॉल पिशवीत परत गेलेच पाहिजेत. हे विसरलात तर सगळी टक्केवारी कोलमडते.

हाफकोर्ट:
आकडे बरोबर आहेत, पण पद्धत मला अजिबात पटत नाही. २०१९ च्या आधी तळाच्या संघाला २५ टक्के मिळायचे आणि तो चौथ्याच्या खाली जात नसे. आता तळाच्या तिघांना सारखेच १४. २०२४ मध्ये १४-६८ च्या डेट्रॉइटला पाचवं पिक आणि ३ टक्केवाल्या अटलांटाला पहिलं! खरोखर कमकुवत संघाने सावरायचं कसं?

झोनडिफेन्स:
पण २५ टक्के होते तेव्हाच तर मुद्दाम हरणं बोकाळलं होतं. आता तळाला पोचण्यात फारसा फायदा उरलेला नाही. मला हा बदल योग्य वाटतो.

वेंबान्यामाचं राहिलं. त्याला यादीत घेऊ नका. २०२३-२४ पासून एमव्हीपी (हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू), डिफेन्सिव्ह प्लेयर आणि ऑल-एनबीएसाठी (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंचे संघ) साधारणपणे ६५ सामने लागतात, तेही प्रत्येकी किमान २० मिनिटांचे. त्यातले दोन सामने १५ ते २० मिनिटांचे असले तरी चालतात. खांद्यातल्या रक्ताच्या गुठळीमुळे त्याचा २०२४-२५ चा हंगाम ४६ सामन्यांवर थांबला आणि पुरस्कार इव्हान मोबलीला गेला. रूकी (सर्वोत्तम नवोदित) आणि सिक्स्थ मॅनला (सर्वोत्तम राखीव खेळाडू) ही अट नाही, त्या याद्या गाळू नका. एमव्हीपीच्या मतपत्रिकेवर पाच नावं, गुण १०-७-५-३-१.