खुन्याच्या मनातलं ओळखणारी ती 'मनकवडी'?

रातवा: 'प्रोफोंदो रोस्सो' या १९७५च्या इटालियन चित्रपटाची मराठी उपशीर्षकं आईसाठी करतेय. सुरुवातीलाच अडले. परामानसशास्त्राची परिषद चालू आहे, मंचावर हेल्गा. तिला भविष्य दिसत नाही, दुसऱ्याच्या मनातलं कळतं, आणि प्रेक्षकांतच खुनी बसलाय. मी 'मनकवडी' लिहिलं. आई म्हणाली, "मनकवडी म्हणजे न मागता दुसरी पोळी वाढणारी. हिला तो शब्द नको." मग कोणता?

जुनं बाड: परचित्तज्ञ. पतंजलींच्या योगसूत्रांत, तिसऱ्या पादात 'परचित्तज्ञान' आहे. तयार शब्द सोडून शोधाशोध कशाला?

रातवा: हेल्गा किंचाळते तेव्हा ओळ दोन सेकंद दिसते. 'परचित्तज्ञ' वाचेपर्यंत ती पाण्याचा पेला तोंडाला लावते.

सावंतवाडीकर: आमच्याकडे अवसार येतो. तसं काही?

जुनं बाड: अवसारात देव बोलतो. हेल्गाच्या अंगात कोणी येत नाही, ती पूर्ण भानावर असते.

सायीचं दही: रातवा, तुमच्या आईंचं मला पटत नाही. माझी आजी मनकवडी होती आणि आम्ही तिला घाबरायचो. डब्यातला लाडू घ्यायचं नुसतं मनात आलं तरी माजघरातून हाक यायची. मला वाटतं हा शब्द मन अधिक 'कवळणे'. कवळणाऱ्याला माया असेलच असं नाही.

जुनं बाड: 'कवळणे'चा 'कवडा' कसा झाला?

सायीचं दही: ड-ळ होतोच. गुड-गूळ, षोडश-सोळा.

जुनं बाड: तो ड चा ळ. तुम्हाला ळ चा ड हवाय. त्याचं उदाहरण द्या.

पेठेतला: या चित्रपटांना इटलीत 'जाल्लो' म्हणतात, म्हणजे पिवळा. मोंदादोरी प्रकाशनाने १९२९पासून रहस्यकथा पिवळ्या वेष्टनात काढल्या, तिथून हे नाव. सुरुवातीच्या पाटीवर 'पिवळा चित्रपट' लिहा.

रातवा: आईसमोर? आपल्याकडे पिवळं पुस्तक कशाला म्हणतात ते तुम्हाला माहीत असेलच.

पेठेतला: मग 'जाल्लो'च ठेवा. आपण 'कादंबरी' मूळ अर्थ सोडून वापरतोच की.

जुनं बाड: 'कादंबरी' आपल्याच घरातली आहे. 'रहस्यपट' असताना परका शब्द नको.

सायीचं दही: रहस्य उकलतं, गूढ उरतं. खुनी कोण ते शेवटी कळतं, पण हेल्गाला ते जाणवलं कसं, ते नाही कळत. 'गूढपट' म्हणा.

पेठेतला: गूढ म्हटलं की लोक भुताची वाट बघत बसतात.

रातवा: पाटीचं नंतर बघू. हेल्गाचा खून फार लवकर होतो, तिच्यासाठीचा शब्द तीन-चारदाच यायचाय. पण तोच मवाळ पडला तर ती का किंचाळली, ते आईला कळणारच नाही.

सावंतवाडीकर: 'मनातलं ऐकणारी' लिहा.

जुनं बाड: हे वर्णन झालं, शब्द नव्हे.