विषय: मागच्या काचेवर टिंट फिल्म बसत नाहीये

मंदार (केटी):
नमस्कार मंडळी,
ह्यूस्टनच्या उन्हात लेकीच्या कार सीटचं बक्कल हात लावू देत नाही, म्हणून गाडीला स्वतःच सिरॅमिक फिल्म लावायला घेतली. मागच्या दारांच्या काचा जमल्या. डिकीवरच्या काचेवर मात्र घड्या पडतात आणि हीट गन मारली की फिल्म चुरगळते. दोन तुकडे वाया गेले. पुढच्या दारांसाठी 25 ची (म्हणजे 25 टक्के उजेड आत सोडणारी) फिल्म आणली आहे. टेक्ससमध्ये तेवढी चालते ना?

सुहास (शुगर लँड):
मंदार, ती 25 ची फिल्म पुढे लावू नकोस. आपला नियम नुसत्या फिल्मचा नाही. काच आणि फिल्म मिळून किमान 25 टक्के उजेड आत यायला हवा. कंपनीच्या काचेतूनच साधारण 75 टक्के येतो, त्याचे 25 टक्के म्हणजे जेमतेम 19. 35 ची लावलीस तर 26, म्हणजे अगदी काठावर. मी पुढे 40 च्या खाली जात नाही.

आता मागची काच. रोल उभा सोडलास का? माझा संशय तिथेच आहे. ती काच दोन्ही अंगांनी वळलेली, फिल्म सपाट, त्यामुळे जादा फिल्म कुठेतरी उभी राहणारच. तिला आम्ही ‘बोटं’ म्हणतो. फिल्म आक्रसते ती मुख्यतः रोलच्या लांबीच्या दिशेनं. म्हणून रोल आडवा सोडायचा आणि सगळी बोटं वरच्या-खालच्या कडेला उभी आणायची.

फिल्मला हा आकार काचेच्या बाहेरून द्यायचा, चिकटवायची मात्र नंतर आतून. कोरड्या काचेवर टाल्कम पावडर अगदी विरळ पुसायची. दोन्ही बाजूंना एकेक उभा आणि मधून एक आडवा ओला पट्टा मारायचा, इंग्रजी एच अक्षरासारखा. फिल्मचा लायनर, म्हणजे चिकट बाजूवरचा सोलायचा पारदर्शक कागद, आपल्याकडे ठेवायचा. मग एकेका बोटावर गन हलती ठेवून ऊब द्यायची. बोट हळूहळू बसतं, तेव्हाच हार्ड कार्डनं (फिल्म दाबायच्या कडक प्लास्टिकच्या पट्टीनं) दाबायचं. गन एका जागी थांबली की फिल्म जळते, प्रसंगी काचही तडकते.

आणि आतून साफ करताना ब्लेड अजिबात नको. काचेवरचं धुकं घालवणाऱ्या डीफॉगरच्या रेषा आतल्या बाजूला असतात. माझ्या जुन्या गाडीच्या दोन रेषा मी ब्लेडनं तोडल्या. नंतर थंडीत सगळी काच मोकळी व्हायची आणि मधला तेवढा पट्टा धुरकट राहायचा, नेमका आरशात दिसणारा. पांढरा नायलॉन पॅड वापर.

वैशाली (पेअरलँड):
मंदार, घडीपेक्षा कचरा जास्त छळतो, निदान मला तरी. आदल्या रात्री गॅरेज धुवून घे, पंखा बंद ठेव, टर्किश टॉवेल तर जवळही आणू नकोस. त्याचा एक धागा फिल्मखाली गेला की वर्षानुवर्षं तिथंच दिसतो. डिस्टिल्ड पाण्यात बेबी शाम्पूचे चार थेंब पुरतात. जास्त घातलास तर फिल्म धरत नाही. लायनर सोलताना फिल्मची चिकट बाजूसुद्धा भिजव.

पुढच्या दारांना काच दोन बोटं खाली करून वरची कड आधी बसव, मग काच वर घेऊन खालची कड रबरात सरकव. नंतर चार-पाच दिवस काचा खाली करायच्या नाहीत. पाण्याचे धुरकट फुगे दिसतील, ते आपोआप वाळतात, टोचत बसू नकोस. पुसायला अमोनियाचा क्लीनर नको. आणि सिरॅमिक घेतलीस ते फार चांगलं केलंस. उन्हातली जवळजवळ निम्मी उष्णता न दिसणाऱ्या किरणांची असते, नुसत्या काळ्या फिल्मला ती तितकी अडत नाही. तरी बाहेर उभ्या केलेल्या गाडीत बक्कल आधी हातानं तपासूनच बाळाला बसव.

मंदार:
काका, रोल उभाच सोडला होता, फिल्म वाचावी म्हणून. 25 ची परत करतो, उघडलेली नाही. वैशालीताई, टॉवेल टर्किशच होता. शनिवारी सकाळी पुन्हा लावतो. केटीत कुणाकडे हार्ड कार्ड असेल तर दोन दिवस द्याल का? मी न्यायला येईन.