दाढ गेली पण ठणका राहिला: तुमचेही अनुभव सांगा

मास्तरीणबाई
आज मसाल्यासाठी लवंगा भाजायला घेतल्या आणि तो वास नाकात गेला नं, डाव्या जबड्यात कळच आली. खरोखरची नाही, आठवणीतली. सात वर्षं झाली असतील.

कापूस वेचणीचे दिवस होते. खालची डावी दाढ किडलेली, तालुक्याला जाऊन काढली. पहिले दोन दिवस एकदम मस्त, मी तर शाळेतही जाऊन आले. तिसऱ्या रात्री जे सुरू झालं ते सांगता येत नाही, कानात कोणी तापलेली सळई घातल्यासारखं. सासूबाई म्हणाल्या वारं शिरलं, मफलर बांध. शेजारच्या काकूंनी लवंग कुटून दिली, ती मी खड्ड्यात कोंबली. दाढ काढणाऱ्या डॉक्टरांना फोन केला तर म्हणे पाच दिवसांचा कोर्स संपू द्या. गोळी खाल्ली की दोन तास बरं, परत तेच. तोंडाला असा वास की मी वर्गात पदर तोंडाशी धरून शिकवायची, आणि पोरं म्हणायची मॅडम रडून राहिल्या.

सातव्या दिवशी पहिल्या एसटीनं यवतमाळ गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी मोबाइलवर फोटो काढून दाखवला. खड्ड्यात रक्ताची गाठच नव्हती, खाली पांढरट हाड उघडं. मार्चातली विहीर डोळ्यांसमोर आली. कोमट सलाईननं धुतलं, माझ्याच कुटलेल्या लवंगेचे कण बाहेर आले, मग औषधात भिजवलेली पट्टी आत ठेवली. त्या पट्टीलाही लवंगेचाच वास! पंधरा मिनिटांत ठणका उतरला. परतीच्या गाडीत अशी झोप लागली की दारव्हा कधी गेलं कळलं नाही, जाग आली ती दिग्रसला.

तुमचं काय झालं होतं? लिहा.

पऱ्हाटी
दिग्रस 😂😂 मग परत कशा आल्या वहिनी

मास्तरीणबाई
काळीपिवळीत मागं बसून. पण दुखत नव्हतं, म्हणून तोही प्रवास गोड लागला बघा.

दातकोरणं
मी डेंटलला इंटर्न आहे, सध्या ओपीडीत बसून टाइप करतेय. ताईंना झालं त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. दाढ निघाल्यावर खड्ड्यात रक्ताची गाठ बसते, तीच हाडावरचं झाकण. ती निसटली किंवा बसलीच नाही की हाड उघडं पडतं. दुखणं साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी वाढतं आणि कानापर्यंत जातं. यात पू असतोच असं नाही, म्हणून नुसत्या अँटिबायोटिकनं फरक पडत नाही, धुऊन पट्टी ठेवावी लागते. पट्टीतलं युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातलंच द्रव्य. पण म्हणून घरी अख्खी लवंग कोंबू नका प्लीज, आम्हालाच ती चिमट्यानं काढावी लागते.

भौ_लोणारकडचे
मायं उलटं झालं. डॉक्टरनं सांगतलं होतं चोवीस तास थुंकू नको, चूळ भरू नको. आता खर्रा, म्हंजे पन्नीत घोटलेली तंबाखू-सुपारी, खाणाऱ्याले थुंकू नको म्हणनं म्हणजे बैलाले शेपूट हलवू नको म्हणनं. संध्याकाळी पानठेल्यावर गेलो, पन्नी घोटली, दुसऱ्या गालात ठेवला, म्हटलं ह्या बाजूचा त्या बाजूले काय संबंध. चौथ्या दिवशी भिंतीवर डोकं आपटून राह्यलो होतो.

दातकोरणं
संबंध आहे दादा. थुंकताना आणि ओढताना तोंडात जो ताण येतो त्यानं गाठ उचकटते, आणि तंबाखूनं रक्तपुरवठा कमी होतो. विडी-सिगरेटही तेच करते.

पऱ्हाटी
२०१२ पासून गुटखाबंदी आहे म्हणे राज्यात. आमच्या फाट्यावर कोणी सांगतलंच नाही वाटते.

संत्र्याचा मळा
माझं वेगळं. वरची दाढ काढली, दोन दिवसांनी चहा प्यायलो आणि चहा नाकातून! बायको हसतेय, मी घाबरलो. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या अगदी जवळ असतात म्हणे, मधे भोक पडलं होतं. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं असं सांगितलं. ऐन संत्र्याच्या तोडीत, एवढी धूळ, सांगा कसं जमायचं? शेवटी टाके घालून बंद केलं.

राजेहो
बैल घेताना आपण तोंड उघडून दोनदाती का चारदाती का जुळला सारं बघतो, आन स्वतःच्या तोंडात दहा वर्सात आरसा नाई धरला

भौ_लोणारकडचे
खरं बोलले. जोडी केवढ्यात पडली मंग यंदा?

राजेहो
ते नको इचारू भौ, ते दाढेपेक्षा जास्त दुखते

वैनगंगाकाठ
हसू येतंय वाचून, पण मला मामा आठवले. २०२१, दुसरी लाट. कोविडमधून उठले, शुगर चारशेच्या घरात. वरचे दात हलायला लागले म्हणून एक काढला तर जखम भरेचना, उलट आत काळं पडायला लागलं आणि गाल बधिर. आम्ही आठ दिवस दाताचंच दुखणं समजत राहिलो. नागपूरला नेल्यावर कळलं म्युकरमायकोसिस, म्हणजे ती काळी बुरशी. वरच्या जबड्याचा अर्धा भाग काढला. इंजेक्शनसाठी भावानं रात्र रात्र फोन केले, मग त्याच मे महिन्यात वर्ध्यात ते बनायला लागलं. मामा आहेत आता, नकली टाळू लावून जेवतात. पण मटणाचा रस्सा लागत नाही म्हणतात पहिल्यासारखा.

मास्तरीणबाई
बापरे. मामांना नमस्कार सांगा.

एसटीची_घंटी
धागा वाचून विचारतो, खालची अक्कलदाढ काढून आज पाचवा दिवस. काल रात्रीपासून गाल टम्म सुजला, जबड्याखाली पण कडक लागते. तोंडात दोन बोटं जात नाहीत. अंगात कणकण. मेडिकलवाल्यानं गोळी बदलून दिली. हे तेच ड्राय वालं का?

दातकोरणं
नाही वाटत. ड्राय सॉकेटमध्ये सहसा अशी सूज आणि ताप नसतो. जबड्याखाली कडक सूज, तोंड उघडत नाही, ताप, म्हणजे इन्फेक्शन पसरतंय. गिळताना त्रास होतो का? श्वास?

एसटीची_घंटी
थुंकी गिळाले त्रास होते. श्वास ठीक. सोयाबीन पडलं आहे वावरात, सोमवारी जाऊ म्हणतो

दातकोरणं
सोमवार नाही, आत्ता. ही सूज गळ्यात उतरली तर श्वास अडतो. दवाखान्यात ॲडमिट करून शिरेतून औषध देतात, पू असेल तर बाहेरून काप घेऊन काढतात. शुगर आहे का तेही सांगा तिथं गेल्यावर. आणि शेकू नका बाहेरून.

मास्तरीणबाई
भाऊ, सोयाबीन भावकीतलं कोणीतरी उचलेल. कुठं राहता?

एसटीची_घंटी
पुलगावजवळ

वैनगंगाकाठ
मग सावंगी मेघे जवळ आहे, डेंटल कॉलेज आणि मोठा दवाखाना एकाच आवारात. मामांवर वेळ घालवला तसा घालवू नका.

भौ_लोणारकडचे
निघ भौ. सोयाबीनले पाय नाही, ते कुठी जात नाही.

चूलबंद
मला ना दाढेचं काही नाही सांगायचं 😄 पण दाढ काढल्यावर घरच्यांना काय खायला द्यावं? आमच्या बाबांची उद्या काढायची आहे, आणि बाबांना भाकरीशिवाय चालत नाही.

मास्तरीणबाई
ज्वारीच्या कण्या शिजवून थंड ताक घालून द्या. पहिल्या दिवशी गरम नको, तिखट नको. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, पण हळू, तोंडात नुसतं फिरवून खाली सोडून द्यायचं. बाबा रक्त पातळ करायची गोळी घेतात का? आधी डॉक्टरांना सांगा, मनानं बंद करू नका.

चूलबंद
घेतात! बरं झालं बोललात. कण्या रात्री भिजवू का आत्ता?

संत्र्याचा मळा
एक राहिलं. भोक बुजल्यावर महिनाभरानं हिरडीतून टोकदार काहीतरी जिभेला लागायचं. मला वाटलं दाढेचा तुकडा राहिला. एक्स-रे काढला तर हाडाची बारीक किरची, सुटी झालेली. चिमट्यानं काढून हातात दिली, तांदळाच्या कणीएवढी. हिनं डबीत ठेवली आहे अजून, का ते विचारू नका.

एसटीची_घंटी
ॲडमिट केलं. सलाईन चालू. आतून काप घेतला, वाटीभर घाण निघाली, मुळाचा तुकडा आत राहिला होता म्हणे तोही काढला. शुगर पण निघाली, मले माहीतच नव्हती. बायको बोलून राहिली आहे, मले बोलता येत नाही त्याचा फायदा घेते.

भौ_लोणारकडचे
वैनीले सांग खिसे तपास 😂

एसटीची_घंटी
तपासले. दोन पन्न्या गेल्या.

पऱ्हाटी
अन सोयाबीन?

एसटीची_घंटी
साळ्यानं झाकलं ताडपत्रीनं. आभाळ आलं का तुमच्याकडं?

चूलबंद
ताई कण्या किती वेळ भिजवायच्या ते सांगा नं, राहिलंच