बहुमत आहे म्हणून काहीही?

"लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला कोर्टाने अडवायचं कारणच काय?" असं एकांनी विचारलंय. अहो, बहुमताने सरकार बनतं, पण त्याचे अधिकार येतात संविधानातून आणि मर्यादाही तिथूनच. १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांपुढे हाच वाद होता. अर्जदाराच्या बाजूने आपल्या मुंबईचे वकील नानी पालखीवाला उभे होते. निकाल ७ विरुद्ध ६, अगदी काठावरचा: संसदेला घटनादुरुस्ती करता येते, घटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही.

पण नुसत्या कलमांनी भागत नाही, हेही खरं. आपली मुंबई महापालिकाच बघा. संविधानाच्या कलम २४३ यू नुसार पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक पार पडायला हवी. मुदत संपली मार्च २०२२ मध्ये, आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ सरकारने नेमलेला प्रशासकच होता. नगरसेवक नाहीत, स्थायी समिती नाही. बजेट मांडणारा तोच, मंजूर करणाराही तोच! ओबीसी आरक्षणाचं प्रकरण कोर्टात रखडलं, हे मान्य. पण प्रभागांची संख्या २२७ ठेवायची की २३६ हा घोळ बहुमतवाल्या सरकारांनीच घातला होता ना?